अर्बाना-शँपेनला नव्यानं येताय? इथलं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं

अर्बाना आणि शँपेन ही इलिनॉय राज्यातली जोडगावं शिकागोच्या दक्षिणेला साधारण २२० किलोमीटरवर आहेत. २०२० च्या जनगणनेत शँपेनची लोकसंख्या ८८ हजार आणि अर्बानाची ३८ हजार भरली. दोन्ही गावांत पसरलेल्या इलिनॉय विद्यापीठात ५५ हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत. या आकड्यांवरूनच इथल्या जगण्याचा अंदाज येतो. घरं कधी रिकामी होतात, भाडी कधी चढतात, बस कधी कमी होतात, गाव कधी ओस पडतं, हे सगळं विद्यापीठाच्या सत्रांवर ठरतं. उरलेलं हवामान ठरवतं. नव्यानं येणाऱ्यांचे हाल होतात ते बहुतेक वेळा एखादी गोष्ट महिनाभर उशिरा कळल्यामुळे. म्हणून महिन्यांच्या क्रमानं लिहिते आहे. विद्यार्थी, त्यांचे जोडीदार आणि संशोधनासाठी येणारी कुटुंबं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मॅडिसन, ॲन आर्बर, आयोवा सिटी किंवा वेस्ट लफायेत अशा आसपासच्या राज्यांतल्या विद्यापीठांच्या गावांना निघालेल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. बारीकसारीक नियम मात्र तिथले तिथे विचारा.

मार्च ते जुलै: निघण्याआधी

आधी गावाचा नकाशा उघडा. शँपेन आणि अर्बाना यांची हद्द राइट स्ट्रीटवरून, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातूनच जाते. रस्ता ओलांडला की महापौर, पोलीस, सार्वजनिक ग्रंथालय, बागा, शाळा, सगळं वेगळं. १८५४ मध्ये रेल्वे जुन्या अर्बानाच्या पश्चिमेला दोन मैलांवरून गेली आणि तिच्याभोवती जी वस्ती उभी राहिली तीच आजचं शँपेन. एकट्या विद्यार्थ्याला या हद्दीनं फारसा फरक पडत नाही. मुलं शाळेत जाणारी असतील तर घर ठरवण्याआधी ते कोणत्या शाळा जिल्ह्यात येतं हे बघाच.

ग्रीन स्ट्रीटच्या आसपास पदवीच्या मुलांची वस्ती आहे. तिथे शुक्रवार-शनिवारी रात्री उशिरापर्यंत गलका असतो. मास्टर्स किंवा पीएचडीला येणाऱ्यांना मी लिंकन ॲव्हेन्यूच्या पूर्वेचा अर्बानाचा भाग सुचवीन: जुनी झाडं, शांत गल्ल्या, आणि विभागापर्यंत चालत जाता येतं. मुलांबाळांची बरीच कुटुंबं दक्षिणेला सव्हॉयमध्ये राहतात, पण तिथे गाडीवाचून अडतं.

नवख्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूच्या उत्तरेला घर बघू नका.’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. तो भाग पिढ्यान्‌पिढ्या इथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा आहे. त्यांची चर्चेस, दुकानं, गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाची ग्रंथालयाची शाखा तिथे आहे. घर घेताना ती गल्ली स्वतः बघा, दिवसा आणि रात्री, आणि शेजाऱ्यांशी बोला. हे इथल्या कोणत्याही भागात करावं. पण ज्या सल्ल्याच्या मुळाशी फक्त तिथल्या लोकांचा रंग आहे तो ऐकून पुढच्यालाही सांगू नका.

तुम्ही घर शोधायला लागाल तेव्हा मोक्याची घरं आधीच्या शरद ऋतूतच गेलेली असतील. घाबरू नका, सबलीजवर, म्हणजे आधीच्या भाडेकरूकडून पोटभाड्यानं, घरं मिळत राहतात. फक्त न पाहिलेल्या घरासाठी कोणालाही आगाऊ पैसे पाठवू नका. इथे असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला विनंती करून व्हिडिओ कॉलवर घर बघा. नळ सोडून, खिडकी उघडून दाखवायला सांगा. सही करण्याआधी लीज, म्हणजे भाडेकरार, विद्यापीठाच्या ऑफ-कॅम्पस घरांच्या कार्यालयाला दाखवा, ते वाचून सांगतात. एकत्र लीज असेल तर एक रूममेट मध्येच निघून गेल्यावर त्याचं भाडं बाकीच्यांवर येतं, हे कलम बहुतेकजण वाचतच नाहीत.

सामानात जाड कोट आणू नका. भारतात मिळणारे कोट इथल्या जानेवारीसाठी केलेले नसतात, आणि बॅगेतली जागा वाया जाते. त्याऐवजी दातांची कामं उरकून या, कारण विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या आरोग्यविम्यात दात सहसा येत नाहीत. चष्म्याचे दोन जोड आणा. लसीकरणाच्या नोंदी इंग्रजीत, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी आणा. त्या नसतील तर पुढच्या सत्राची नोंदणी अडते. कुकर, त्याच्या जास्तीच्या रिंगा आणि शिट्टी, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, एवढं पुरे. डाळ-तांदूळ, पीठ, मसाले गावातच मिळतात आणि मोठी खरेदी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर होते.

ऑगस्ट: उतरल्यावर

ओहेअर विमानतळावरून थेट कॅम्पसला बस येतात, साधारण तीन तास लागतात. शिकागोच्या युनियन स्टेशनवरून ॲमट्रॅकची गाडीही आहे. रुळांवर मालगाड्यांचा राबता असल्यामुळे तिला उशीर होतो, तेव्हा पुढचं काही गाठायचं असेल तर हाताशी वेळ ठेवा. बस असो की रेल्वे, गावातला मुख्य थांबा इलिनॉय टर्मिनल.

ऑगस्टच्या मध्यावर गावात एक विचित्र आठवडा येतो. जुन्या लीज संपलेल्या असतात आणि नव्या सुरू व्हायला काही दिवस असतात. हजारो माणसं एकाच वेळी बेघर असल्यासारखी मित्रांच्या हॉलमध्ये झोपतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी लीजची सुरुवातीची तारीख बघा, आणि अंतर पडत असेल तर विद्यार्थी संघटनांना आधीच कळवा. तात्पुरतं राहायला देण्याची पद्धत इथे चांगली रुजलेली आहे.

याच आठवड्यात रस्त्याच्या कडेला टेबलं, खुर्च्या, दिवे यांचे ढीग लागतात. लाकडी किंवा लोखंडी वस्तू खुशाल उचला. गादी, सोफा, उशी मात्र कितीही नवी दिसली तरी घरात आणू नका. ढेकूण आले की महिनोन्‌महिने जात नाहीत. युनिव्हर्सिटी वायएमसीए मे महिन्यात निघून जाणाऱ्यांकडून सामान गोळा करून ऑगस्टमध्ये स्वस्तात विकते. भांडी, सायकल, अभ्यासाचं टेबल तिथे मिळून जातं.

घराची किल्ली मिळाली की सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचे, गालिच्याचे, फ्रिजच्या आतले फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला ईमेल करा. इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे पाच किंवा जास्त घरांच्या इमारतीत नुकसानीपोटी डिपॉझिट कापायचं असेल तर मालकाला ३० दिवसांत तपशीलवार हिशोब द्यावा लागतो, आणि तो दिला नाही तर ४५ दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी लागते. फोटो असतील तरच हा कायदा तुमच्या कामाचा.

कागदपत्रांचं थोडक्यात: विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात हजेरीची नोंद करा, आय-९४ ही अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद उतरवून घ्या आणि त्यावरचं नाव-तारीख तपासा, आय-कार्ड हे विद्यापीठाचं ओळखपत्र काढा, बँकेत खातं उघडा. सोशल सिक्युरिटी क्रमांक फक्त नोकरी मिळालेल्यांना मिळतो. असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातलं शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम, असेल तर आल्यावर दहाएक दिवस थांबून अर्ज करा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही. एखाद्या तासानंही तो नियम मोडू नका.

बस हे या गावाचं खरं वैभव आहे. आय-कार्डवर विद्यार्थी आणि कर्मचारी मोफत फिरतात. मार्गांना रंगांची नावं आहेत. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी त्याच रंगाच्या मार्गाच्या आकड्यापुढे शून्य लागतं, म्हणजे दिवसा ५ ग्रीन तर रात्री ५० ग्रीन, दिवसा २२ तर रात्री २२०. मार्गही थोडा बदलतो, म्हणून चढण्याआधी आकडा नीट वाचा. सायकल घेतलीत तर यू-आकाराचं जाड कुलूप घ्या. साखळ्या कापून सायकली जातात.

स्वयंपाकघर

याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण नव्या मराठी घरात पहिल्याच आठवड्यात घोळ होतो तो इथे. घरात धुराचा अलार्म असतो आणि कडकडीत तेलातली मिरचीची फोडणी त्याला पुरते. काही मोठ्या इमारतींत एका घरातला अलार्म सगळ्या इमारतीला बाहेर काढतो, अग्निशामक दल येतं, आणि जानेवारीत मध्यरात्री तीनशे माणसं चपलांवर बर्फात उभी राहतात. अलार्मवर पिशवी बांधणं किंवा त्यातली बॅटरी काढणं हा लीजचा भंग आहे आणि जिवावरही बेतू शकतं. ते कधीच करू नका.

मग करायचं काय? आधी चुलीवरचा पंखा लावून त्यावर हात धरून बघा. बऱ्याच घरांत तो हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत खोलीत सोडतो. तसं असेल तर खिडकीत बाहेर तोंड करून छोटा टेबलफॅन ठेवा आणि झोपायच्या खोल्यांची दारं लावा. फोडणी छोट्या लोखंडी कढल्यात करा, तेल थोडं कमी तापवा, मोहरी तडतडली की लगेच आचेवरून उतरवून हिंग-मिरची घाला. मिरच्या भाजायच्या असतील, भाजणी करायची असेल, तर ती कामं मे ते सप्टेंबरमध्ये खिडक्या उघड्या टाकून उरका. हिवाळ्यात कोटांचं कपाट स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, दार बंद ठेवा. लोकरीच्या कोटात शिरलेला फोडणीचा वास महिनाभर जात नाही.

चूल बहुधा विजेच्या कॉइलची असते. ती बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून कुकरची तिसरी शिट्टी होण्याआधीच बटण बंद करायची सवय लावा. फुलके कॉइलवर जाळी ठेवून फुगतात. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. थंडीत ते पाइपात थिजतं. डब्यात भरून कचऱ्यात टाका.

सप्टेंबर ते नोव्हेंबर

हवा सुंदर असते. कर्टिस ऑर्चर्डमध्ये सफरचंदं तोडायला जा. फुटबॉलच्या सामन्यांच्या दिवशी मेमोरियल स्टेडियमकडचे रस्ते गजबजतात आणि बसचे मार्ग बदलतात. खेळ कळत नसला तरी एक सामना बघाच, सगळं गाव नारिंगी आणि निळं झालेलं बघण्यासारखं असतं.

याच दिवसांत, तुम्ही नुकते कुठे स्थिरावत असता, तोच ‘पुढच्या ऑगस्टची लीज आताच करा, घरं संपत आली’ असे ईमेल येऊ लागतात. कॅम्पसला अगदी लागून घर हवं असेल तर घाई करावी लागते हे खरं. पण रूममेटची पारख होण्याआधी त्याच्याबरोबर आणखी दोन वर्षांसाठी सही करू नका. पूर्व अर्बानात आणि गावाच्या कडेला वसंतातही चांगली घरं मिळतात.

गाडी घेतलीत तर तीन गोष्टी पाठ करा. शाळेच्या बसचा लाल ‘थांबा’ फलक बाहेर आला की दुपदरी रस्त्यावर दोन्ही दिशांच्या गाड्या थांबतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. एक दिसलं की मागून दुसरं येणार असं धरून चाला. आणि पूल रस्त्याच्या आधी गोठतात.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. विद्यापीठाला आठवडाभर सुट्टी असते, गाव रिकामं होतं, बस कमी धावतात, दुकानं बंद राहतात. बुधवारपर्यंत दूध-भाजी-औषधं भरून ठेवा. प्राध्यापकांनी किंवा शेजाऱ्यांनी जेवायला बोलावलं तर जरूर जा. मांसाहार करत नसाल तर तसं आधीच स्पष्ट सांगा, त्यांना ते आवडतं. वेळेवर पोचा आणि सोबत घरी केलेला एखादा पदार्थ न्या. त्यात दाणे, दूध किंवा तिखट आहे का हे चिठ्ठीवर लिहून ठेवा.

डिसेंबर ते मार्च: हिवाळा

जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान शून्याखाली सात-आठ अंश असतं. त्रास देतो तो वारा. हा सगळा प्रदेश हिमनद्यांनी सपाट करून ठेवलेला, आड येणारी एक टेकडीही नाही. म्हणून तापमानाबरोबर ‘वाऱ्यासह जाणवणारं’ तापमान बघत जा. ते उणे २८ सेल्सिअसच्या आसपास गेलं की उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. जानेवारी २०१९ च्या अखेरीस ध्रुवीय वारे खाली उतरले तेव्हा विद्यापीठाला वर्गच बंद ठेवावे लागले होते. एरवी बर्फ पडला म्हणून इथे काही थांबत नाही.

कपडे ऑक्टोबरमध्येच घ्या. एका जाड कोटापेक्षा थर कामाचे: आत अंगालगत इनर, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. वर्ग, बस, प्रयोगशाळा सगळं गरम असतं, तेव्हा थर काढता आले पाहिजेत. पैसे वाचवायचे तर कोटात वाचवा, बुटांत नाही. पाणी आत न येणारे, तळाला खाचा असलेले बूट घ्या. टोपी कान झाकणारी हवी. बर्फावर छोटी पावलं टाका आणि हात खिशातून बाहेर ठेवा, म्हणजे घसरलात तर तोल सावरता येतो. बस किती मिनिटांत येणार हे ॲपवर दिसतं. तोवर आत थांबा.

घरातली हवा हीटरनं इतकी कोरडी होते की नाकातून रक्त येतं, ओठ फाटतात. ह्युमिडिफायर घ्या किंवा रात्री खोलीत पाण्याचं पसरट भांडं ठेवा. अंघोळीनंतर लगेच तेल किंवा क्रीम लावा. सुट्टीत भारतात जाताना हीटर बंद करून जाऊ नका. ५५ फॅरेनहाइटवर ठेवा. पाइप गोठून फुटले तर खालच्या घरात पाणी जातं आणि भरपाई तुमच्यावर येते. थोड्या पैशांत मिळणारा भाडेकरूंचा विमा यासाठीच काढायचा.

डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात बऱ्याच जणांचं मन उतरतं, झोप वाढते, अभ्यास नकोसा होतो. यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही, आणि ‘होईल ठीक’ म्हणून दोन महिने घालवण्यातही अर्थ नाही. दुपारी अर्धा तास तरी उजेडात चाला. विद्यार्थी शुल्कातच मोठं व्यायामशाळेचं संकुल आहे, पोहण्याच्या तलावासह, ते वापरा. समुपदेशन केंद्रात वेळ मागा, आणि ती संकटाची वाट न बघता मागा. शारीरिक आजारासाठी आधी विद्यापीठाचं मॅकिन्ली आरोग्य केंद्र. रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग फार महाग आहे. साध्या तापाला तिथे जायचं नाही. पण छातीत दुखणं, श्वास लागणं, मोठी जखम अशा वेळी पैशांचा विचार न करता ९११ हा आपत्कालीन क्रमांक लावा.

माणसं

अनोळखी माणूस रस्त्यात हसून बोलतो, दार धरून थांबतो, हवामानाविषयी दोन वाक्यं बोलतो. हा चांगुलपणा खरा आहे, त्याला तसाच प्रतिसाद द्या. त्यातून मैत्री व्हायला मात्र वेळ लागतो आणि ती बहुतेकदा एखाद्या कामाच्या निमित्तानं होते: सायकल दुरुस्ती, गायनवृंद, ग्रंथालयातली स्वयंसेवा, मुलांची शाळा. कॅम्पसच्या बाहेर पडल्याशिवाय हे घडत नाही. चार वर्षं इथे राहून ग्रीन स्ट्रीटपलीकडचं गाव न पाहिलेली मुलं मला भेटतात तेव्हा वाईट वाटतं.

शेतीच्या घरातून आला असाल तर तुमचा विषय कोणताही असो, मॉरो प्लॉट्स बघून या. १८७६ पासून त्या तुकड्यांवर पिकांचे प्रयोग अखंड चालू आहेत, आणि शेजारी ग्रंथालय बांधायची वेळ आली तेव्हा पिकावर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं. मका आणि सोयाबीन पिकवणाऱ्या काळ्या मातीला या गावात काय मान आहे ते तिथे कळतं.

आपली माणसंही इथे फार पूर्वीपासून येतात. रवींद्रनाथ टागोरांचे चिरंजीव रथींद्रनाथ १९०६ मध्ये शेतीशास्त्र शिकायला अर्बानात आले, आणि १९१२ च्या हिवाळ्यात रवींद्रनाथ स्वतः इथे येऊन राहिले. मराठीचं वर्णनात्मक व्याकरण इंग्रजीत लिहिणाऱ्या राजेश्वरी पंढरीपांडे यांनी याच विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलं. गणपती आणि दिवाळीला मराठी मंडळी एकत्र जमतात. मोठ्या कार्यक्रमांसाठी शिकागोचं महाराष्ट्र मंडळ आहे.

जोडीदार म्हणून येणाऱ्यांना खास सांगते. एफ-२ वर, म्हणजे एफ-१ विद्यार्थ्याचे जोडीदार म्हणून आलात तर, नोकरी करता येत नाही. जे-२ वर, म्हणजे जे-१ व्हिसावर आलेल्या संशोधक किंवा विद्यार्थ्याचे जोडीदार असाल तर परवानगीसाठी अर्ज करता येतो, तो आल्याबरोबर करा. दोन्ही गावांची ग्रंथालयं उत्तम आहेत आणि तिथल्या रहिवाशांना कार्ड मोफत मिळतं. घरात बसून पहिला हिवाळा काढू नका. आठवड्यातले दोन दिवस तरी ठरलेल्या ठिकाणी जायचं, असं ठरवूनच टाका.

एप्रिल ते जुलै

एप्रिलच्या १५ तारखेपर्यंत कर. एफ-१ वरच्या नवख्यांनी एक पैसा मिळवला नसला तरी ८८४३ हा फॉर्म भरायचा असतो. पगार असेल तर १०४०-एनआर हे अनिवासींचं करविवरण, शिवाय राज्याचं वेगळं विवरण. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. ती सोडू नका.

हाच वादळांचा मोसम. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजतो ती चाचणी असते. इतर कधीही वाजला तर तळघरात जा. ते नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून लांब, आतल्या खोलीत किंवा न्हाणीघरात. बाहेर येऊन आकाशाचे फोटो काढत उभं राहू नका.

विद्यापीठाच्या जपान हाउस या जपानी संस्कृती केंद्रासमोरची चेरीची झाडं एप्रिलमध्ये फुलतात. मेडोब्रुक पार्कमध्ये भाजीसाठी वाफे भाड्यानं मिळतात, त्यांची नोंदणी हिवाळा संपण्याआधीच विचारा. मेथी-कोथिंबीर एप्रिलमध्ये पेरा, मिरची-वांगी मेच्या मध्यानंतर लावा; त्याआधी दव गोठून रोपं जळतात. पदवीदान समारंभाला आई-बाबा येणार असतील तर मे महिन्यासाठी हॉटेलची खोली कित्येक महिने आधी घ्या, व्हिसाच्या मुलाखतीची वेळ त्याहून आधी.

मेच्या मध्यानंतर गाव निवांत होतं. सबलीजची भाडी खूप उतरतात, दुकानांत रांग नसते, संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड असतो. मॉन्टिसेलोजवळचं ॲलर्टन पार्क, शनिवारी सकाळचा अर्बानाचा शेतकरी बाजार, जूनमधले काजवे, हे सगळं याच दिवसांत.

जुलैच्या अखेरीस घर सोडताना चुलीखालची आणि फ्रिजमागची जागा घासा, डिपॉझिटमधली कपात बहुतेक तिथूनच सुरू होते. टपाल खात्यात नवा पत्ता नोंदवा, विजेचं आणि इंटरनेटचं खातं बंद केल्याची पावती जपून ठेवा, आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाला पत्ता बदलल्याचं दहा दिवसांच्या आत कळवा.